गोजरबाईजोगी होडी

“मला ह्याच्यातच बसवा,” म्हातारी म्हणाली, आणि तिनं पालथ्या घातलेल्या लाल कयाकवर तळहात ठेवला. गाभण गाईच्या पाठीवर ठेवावा तसा, अलगद.

मोठ्या राफ्टमध्ये हवा भरता भरता सुनीलचा पाय पंपावर थांबला.

“आई, आपलं काय ठरलं हुतं?” मागे उभी असलेली तिची लेक जया म्हणाली. “नुसतं बघायला आलोय आपण. कानिफ कुठं काम करायचा, कुठं झोपायचा, तेवढं बघायचं, सुनीलदादांना भेटायचं आन माघारी फिरायचं.”

“बघितलं की. भेटले बी. आता बसते.”

“मावशी,” सुनील पंप सोडून पुढे आला, “ती एकट्याची होडी हाय. आत पाय लांब करून बसावं लागतं, कंबरेला रबराचा घागरा आवळून. पाण्यानं उलटी केली तर आपण आत आन डोकं खाली. मग कंबरेचा हिसका देऊन आपणच सरळ व्हायचं. ते शिकायलाच वर्ष जातं.”

“कानिफला किती गेलं?”

“त्याला एक पावसाळा पुरला.”

“त्यो माझाच हुता,” म्हातारी म्हणाली. हात काही तिनं उचलला नाही.

 जयाचा फोन आल्यापासून सुनील या भेटीची धास्ती घेऊन बसला होता. खर्ड्याहून निघून, भिंगारला नणंदेकडे मुक्काम करून, पहाटेची एसटी आणि मग अकोल्याहून जीप असा सगळा नगर जिल्हा आडवा कापत त्या दोघी आल्या होत्या. कानिफनाथ जाऊन दीड वर्ष होत आलं होतं. पोळ्याला म्हणून घरी गेला, तिथंच डेंग्यूचा ताप चढला. नगरला आणेपर्यंत उशीर झाला होता. पाण्याशी त्या मरणाचा काडीचा संबंध नव्हता, पण गावात लोक म्हणत राहिले, ‘नदीवर कामाला होता ना, पाण्यानंच नेला.’ मातीला सुनील गेला होता. बायांच्या गराड्यात बसलेल्या या माउलीला त्यानं लांबूनच पाहिलं होतं. बोलणं झालंच नव्हतं. आता ती समोर उभी होती आणि केव्हा तरी विचारणार होती, ‘माझ्या पोराला पाण्यात कशाला नेलंस?’ असंच तो धरून चालला होता. ती विचारत होती भलतंच.

एवढ्यात शेडमधून निकिता आली. हातात हेल्मेटं, खांद्यावर लाईफ जॅकेटं. निकिता इथल्याच गावची. राफ्टच्या पुढे कयाक घालून वाट दाखवायची आणि कुणी पाण्यात पडलं तर उचलून आणायचं, हे कानिफचं काम आता ती करत होती. तिलाही कानिफनंच शिकवलं होतं.

“मावशी, तुम्हाला हे बसतंय का बघा बरं. आणि नाव काय तुमचं? सगळे आपले ‘कानिफची आई, कानिफची आई’च म्हणतात.”

“गोजरबाई,” म्हातारी म्हणाली.

निकिताच्या हातातलं हेल्मेट खाली पडलं आणि उतारानं गडगडत नदीच्या दिशेनं गेलं. तिनं सुनीलकडं पाहिलं. सुनीलनं डोळ्यांनीच सांगितलं: गप.

त्याला कारण होतं.

कॅम्पच्या खाली नदीत तीन मोठे खळाळ होते. वर धरणातून पाटबंधारे खात्यानं आवर्तन सोडलं की प्रवरा जागी व्हायची. खालच्या उसाला निघालेलं ते पाणी वाटेत सुनीलचं पोट भरून पुढं जायचं. कोलाडच्या राफ्टिंगवर बरीच वर्षं राबून तो कानिफला आणि दोन जुन्या राफ्ट घेऊन गावी परतला, तेव्हा त्या खळाळांना नावं नव्हती. नावं ठेवली कानिफनं. पहिला ‘टँकर’, दुसरा ‘जातं’. आणि तिसरा, सगळ्यांत मोठा, ज्याच्यापुढं भले भले पैलवान राफ्टची दोरी दोन्ही हातांनी धरतात, तो ‘गोजरबाई’.

“कोण रे ही गोजरबाई?” सुनीलनं एकदा विचारलं होतं.

“हाय आमच्याकडची एक,” कानिफ हसत म्हणाला होता. “वरनं गप दिसती, पर तिच्याशी भांडून आजवर कुनी जिकलं न्हाई. ती म्हनंल तिकडनंच जायचं, मंग ती आपल्याला सुखरूप घरी आनती.”

तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हेच सांगितलं जायचं. ‘गोजरबाई आली, वाका!’ ‘गोजरबाईच्या डाव्या अंगानं घ्या!’ पुण्याच्या एका कंपनीतली पोरं तर पुढच्या वर्षी येताना ‘आम्ही गोजरबाई पार केली’ असं छापलेले बनियन घालून आली होती. ही कोणी खरीखुरी, कानिफची आई असेल, असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

निकितानं सुनीलला मोठ्या राफ्टपलीकडं नेलं आणि आवाज खाली केला.

“दादा, त्यांना एवढं वाटतंय तर नेऊया. मोठी राफ्ट भरतच आलीय. मी पुढं बसते, जयाताई बाजूला, तुम्ही मागं.”

“आन वल्हवणार कोण?” सुनील म्हणाला. “ह्या राफ्टचं बळ बसणाऱ्यांच्या हातात असतं. सहा-आठ तरणी माणसं पॅडल मारतात तेव्हा ती माझं ऐकते. तू आन मी दोघंच असलो तर ती पाण्याचं ऐकणार. शिवाय त्यात काठावर बसावं लागतं, पायाचा पंजा अडकवून. मावशींचे गुडघे बघितलेस ना, जीपमधून उतरताना?”

“मग दोघांची फुगवायची घेऊ. मावशी पुढं, मी मागं.”

“ती हलकी हाय. टँकरमधनं जाईल, जात्याच्या कडेनंबी नेशील तू. पण तिसऱ्यात ती पालथी होते. दहातल्या चार वेळा तरी होतेच. पाहुण्यांना ती मजा वाटते. पण हिला पाण्यात पडू द्यायचं नाही, निकिता.”

“मग गोजरबाईच्या आधी उतरवू. तिथून काठाकाठानं चालवत नेऊ.”

“मला कुठं उतरवताय गं, माझ्या आधी?”

म्हातारी राफ्टच्या या बाजूला येऊन उभी होती. पाय दुखत असले तरी चाल तिची मांजराची होती.

आता सांगण्यावाचून इलाज नव्हता. सुनीलनं सांगितलं. चाचरत, खाली बघत सांगितलं. नाव कुणी ठेवलं, का ठेवलं, कानिफ काय म्हणाला होता, सगळं. बनियनची गोष्टसुद्धा सांगून टाकली.

 गोजरबाईनं पदराचं टोक तोंडावर धरलं. ती रडायला लागली असं वाटून जया पुढं झाली, तर पदराआडून खुसखुस ऐकू आली.

“मेल्यानं नदीला आईचं नाव दिलं?”

“व्हय.”

“आन लोकं माझ्यावरनं जात्यात?”

“हंगामात रोज.”

“पडत्यात का?”

“पडतात की काही.”

“बरं हुतं,” गोजरबाई म्हणाली. “मंग मीच काय म्हनून काठाकाठानं जाऊ? समदं जग गोजरबाईवरनं जातंय, आन गोजरबाईनं चालत जायचं व्हय?”

निकिता हसली. जया मात्र हसली नाही. जया खर्ड्याच्या अंगणवाडीत सेविका होती; दुसऱ्यांच्या लेकरांची काळजी वाहायची तिला सवय होती, आणि आता घरी लेकरासारखी जपायला आईच तेवढी उरली होती.

“दादा, तुमी सांगा,” ती सरळ सुनीलपुढं येऊन उभी राहिली. “माझा भाऊ गेला. ही एवढीच ऱ्हायली मला माहेर म्हणून. तुमी नेलं तर आणून सोडाल का? काय होत न्हाई असं म्हणा, मी गप बसते.”

सुनीलनं नदीकडं पाहिलं. वरच्या अंगाला पाणी खडकावरून पांढरं होऊन येत होतं.

“काही होत नाही, असं मी कुणालाच म्हणत नाही, जयाताई. नदी माझ्या मालकीची नाही,” तो म्हणाला. “पण माणूस बघून होडी निवडली की निम्मं काम काठावरच होतं. होडी मला चुकीची दिसत होती म्हणून मी नाही म्हणत होतो. थांबा.”

तो शेडच्या मागं गेला. तिथं जांभळीखाली ताडपत्रीनं झाकलेली एक होडी होती. तीही रबराचीच, पण पसरट, जाड बुडाची, आणि मधोमध लोखंडी चौकट आवळलेली. चौकटीला दोन्ही बाजूंना लांब वल्ही अडकवायच्या कड्या. हिच्यात वल्हवणारा एकटाच; तो चौकटीवर बसतो, बाकीचे पुढं खाली बसतात, दोरी धरतात, आणि सांगितलं की सरकतात. तेवढंच. पाहुणे हिला नाकं मुरडायचे. सगळ्यांना आपापलं पॅडल हवं, आरडाओरडा हवा. नुसतं बसून जायचं तर आलो कशाला, म्हणायचे. त्यामुळं ती बरेच दिवस पाण्यात उतरली नव्हती. पोरं तिला ‘बैलगाडी’ म्हणत.

“ही जड हाय, पण पाण्यात पसरून बसते,” सुनील ताडपत्री ओढत म्हणाला. “पळायला मंद, पण एका जागी गर्रकन फिरते. पाण्याच्या वेगाला उलटं वल्हवून हिला मागं खेचता येतं, थोपवता येतं. मोठ्या राफ्टमध्ये सात माणसांची सात मनं. हिच्यात एकाचंच. चुकलो तर मीच चुकीन, आन सावरीन तेबी मीच.”

“आणि खांदा?” निकिता हळूच म्हणाली. सुनीलचा उजवा खांदा गेल्या वर्षापासून धरत होता.

“खांद्याला सांगू आज कोण आलंय ते.”

गोजरबाईनं होडीभोवती एक फेरी मारली. रबर दाबून पाहिलं, चौकट हलवून पाहिली. बाजारात जनावर बघतात तसं.

“काय म्हनत्यात हिला?”

“बैलगाडी.”

“मंग झालं की. बैलगाडीत कसं बसायचं ते मला कुनी शिकवायला नगं.”

नेसूचं लुगडं नऊवारी होतं. काष्टा तिनं घट्ट खोचला. लाईफ जॅकेटचे पट्टे निकितानं आवळले. हेल्मेट मात्र तिनं डोक्यावर पदर घेऊन मगच घालून घेतलं. जयाही बसली. आईला एकटीला सोडणार नाही म्हणाली, तोंड पांढरंफटक करून. सुनीलनं दोघींना काठावरच बसवून समजावलं. दोरी कशी धरायची. पडलंच तर पाय पुढं करून उताणं तरंगायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, होडी एखाद्या खडकावर चढून तिरपी व्हायला लागली की अंग खाली नाही, वर चढलेल्या बाजूवर टाकायचं.

“मी ‘वर!’ म्हणालो की विचार करायचा नाही. जी बाजू उचलली जातेय तिच्यावर पडायचं.”

“उलटं हाय,” गोजरबाई म्हणाली. “माणूस भ्यालं की सखल बाजूला जातं.”

“म्हणूनच आधी सांगतो.”

निकिता आपली निळी कयाक ओढायला निघाली, तर गोजरबाईनं तिला हाक मारली.

“ती लाल कुनी वापरत न्हाई का गं?”

“नाही मावशी. तशीच आहे. दादांनी कुणाला हात लावू दिला नाही.”

“तू बस तिच्यात. तू बी त्याचीच शिकवलेली हायेस. वस्तू मोकळी ठिवली की तिचा जीव जातो.”

निकितानं सुनीलकडं पाहिलं. सुनील दोरी गुंडाळत होता. त्यानं मान हलवली, तोंड फिरवलं आणि बराच वेळ ती दोरी गुंडाळत राहिला.

लाल कयाक पुढं, बैलगाडी मागं, अशी ती मंडळी पाण्याला लागली. फाल्गुनातलं ऊन होतं आणि पाणी धरणाच्या बुडातून आल्यामुळं बर्फासारखं.

“गाडीवान मागं, आमी पुढं,” गोजरबाई म्हणाली. “मंग बैल कुठं हाय?”

“बैल मीच, मावशी.”

पहिला खळाळ आला. तिन्ही बाजूंच्या खडकांतून पाणी एकदम धावून येऊन एकाच अरुंद जागेत घुसत होतं. एकमेकांवर आदळत, ढकलत, फेसाळत. सुनीलनं होडी तिरकी धरली, दोन हात मागं खेचली आणि मधोमध सोडली. पाणी दोघींच्या मांडीवर येऊन फुटलं. जयानं किंकाळी फोडली. होडी बाहेर पडली तेव्हा गोजरबाई मागं वळून त्या पाण्याकडंच बघत होती.

“ह्यो टँकर व्हय?”

“हाच.”

“बराबर ठिवलंय नाव,” ती म्हणाली. “आमच्याकडं टँकर आला की बाया अश्याच घुसत्यात. कानिफ आधी टँकरवरच हुता ना, क्लीनर. पाईप धरून वर हुबा ऱ्हायचा. एकदा त्या झुंबडीत मी पडले, हंडा कुठं नि मी कुठं. पाईप टाकून उडी मारली त्यानं. मला उचललं. तवर पानी गेलं वाया, आन समद्या बाया त्याला शिव्या देत्यात.” तिनं तोंडावरचं पाणी निपटलं. “खर्ड्यात लोकं हसायची. प्यायला पानी न्हाई त्या गावाचं पोरगं म्हनं नावाडी झालंय.”

जात्याला त्यांनी लांबूनच वळसा घातला. तिथं एका खडकाखाली पाणी स्वतःभोवती गोल गोल फिरत राहतं, आत गेलेलं लाकूड बाहेर सोडत नाही. सुनीलचा खांदा आता बोलायला लागला होता. पण जात्यानंतर नदी पसरते, शांत होते. दोन्ही काठांना करंज आणि जांभळी वाकलेल्या. तिथं त्यानं वल्ही वर उचलली आणि होडी आपली आपण वाहू दिली.

बोलायचं तर आता, असं त्याला वाटलं.

“मावशी, मला तुम्हाला एक सांगायचं होतं. मातीलाच सांगायला पाहिजे होतं, पण तिथं कसं सांगणार? तुमच्या पोरामुळं मी आज इथं बसलोय. ह्याच नदीत. आम्ही रिकामी राफ्ट खाली नेत होतो, ती खडकाला गुंडाळली गेली. माझा पाय खाली दोरीत अडकला. पाणी वरून दाबतंय, मी कधी वर, कधी आत. कानिफ पुढं गेला होता. पाण्याच्या उलट दिशेनं काठानं पळत आला आणि उडी टाकली. चाकू काढला. आणि मला म्हणतो कसा, ‘दादा, दोर नवा हाय, कापू का?’”

गोजरबाई त्याच्याकडं टक लावून बघत होती.

“इचारलं त्यानं?”

“विचारलं की! माझ्या नाकातोंडात पाणी.”

“इचारनारच,” ती म्हणाली. “नवी वस्तू हुती ना. लहानपनापास्नं तसंच. नव्या कापडाची चिंधीबी इचारल्याबिगर फाडायचा न्हाई.” मग म्हणाली, “हे त्यानं घरी कधी सांगितलं न्हाई.”

“नाही सांगितलं?”

“न्हाई. त्यो दुसरंच सांगायचा. म्हनायचा, आये, एवढा घोडा झालो तरी मी पान्याला भ्यायचो. टेम्पो चालवायला म्हनून ठिवला मला कोलाडला. दादानं बघितलं की मी काठावरच बसतो, तर रोज सांजच्याला पान्यात न्यायचा आन हनुवटीखाली हात धरायचा. लहान लेकराचं धरत्यात तसा. आन कवा काढून घेतला त्यो हात, मला कळलंबी न्हाई.”

सुनीलला ते आठवतही नव्हतं नीट. बऱ्याच जणांना त्यानं पोहायला शिकवलं होतं.

“मी तेच सांगाय आलते,” गोजरबाई म्हणाली. “लोकं म्हनत्यात पान्यानं नेला. मी म्हनते, पान्यानं दिला हुता. टँकरवर हुता तवा माझं पोरगं गप असायचं, खाली मान. हितं आल्यापास्नं फोनवर हसायचं. काय बी सांगायचं आन हसायचं. त्याचं हसू तुमी दिलं. तेवढं म्हनायचं हुतं. आन कशाला हसायचं ते बघायचं हुतं, म्हनून बसले.”

जया आईच्या खांद्याला टेकली होती. पुढं लाल कयाक थांबून वाट बघत होती. निकितानं वल्हं आडवं उंच धरलं: पुढं पाणी मोठं आहे, सावध.

“आली का ती?” गोजरबाईनं विचारलं.

“आली,” सुनील म्हणाला. “दोरी धरा.”

वरून ती खरंच गप दिसते. गुळगुळीत, काळंभोर पाणी एका पट्ट्यानं खाली उतरत जातं, आवाज तेवढा येतो. मग एकदम तळ सुटतो. सुनीलनं डाव्या अंगाची वाट धरली, होडीचं तोंड सरळ केलं आणि दोन्ही वल्ही पोटाशी ओढली. पहिली लाट डोक्यावरून गेली. दुसरीच्या आत उजवं वल्हं पाण्याखालच्या खडकाला अडलं. खांद्यातून एक कळ थेट मानेपर्यंत गेली, बोटं सुटली, आणि वल्हं कडीतून उसळून हवेत गेलं.

होडी फिरली. आडवी झाली. मागून पाण्यानं तिला त्या खडकावर चढवली आणि डावी बाजू वर, वर उचलली जाऊ लागली.

“वर!” सुनील ओरडला. “वर!”

जया जागच्या जागी थिजली होती. तिला तो शब्द ऐकूच गेला नसावा. तिच्या दंडाला एक हिसका बसला. गोजरबाईनं एका हातानं लेकीला धरलं होतं, दुसऱ्यानं दोरी, आणि अंगातलं सगळं बळ लावून ती त्या चढत्या बाजूवर पालथी पडली, जयाला ओढत, ढेकळावर पडावं तशी. सुनीलनंही चौकटीवरून अंग तिकडं झोकून दिलं. तिघांच्या वजनाखाली ती पसरट, जड, मंद होडी क्षणभर थरथरली. मग खाली बसली. खडकावरून घसरली, मागं तोंड करून उरलेल्या लाटा तिनं एकेक करत ओलांडल्या, आणि संथ पाण्यात येऊन दमल्या म्हशीसारखी डुलत राहिली.

निकिता वाहतं वल्हं उचलून जवळ आली. तिचा चेहरा उतरला होता. “सगळे आहात ना? मावशी?”

गोजरबाई उठून बसली होती. हेल्मेट तिरकं, पदर कुठल्या कुठं, नाकातून पाणी. तिनं आधी जयाचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं. मग मागं वळून तिनं त्या खळाळाकडं पाहिलं आणि ती हसायला लागली. हळू, मग मोठ्यानं, मग पोट धरून. बोलायला जाई आणि पुन्हा हसू फुटे. ते बघून जया रडता रडता हसायला लागली. सुनील वल्ह्यावर कपाळ टेकून बसला होता. ते हसणं त्याच्या ओळखीचं होतं. अगदी तसंच, शेवटी श्वास अडकून हिचकी येणारं.

“व्हय रे बाबा,” ती नदीला म्हणाली की आणखी कुणाला, कोण जाणे, “कळलं आता.”

खाली बंधाऱ्यापाशी ते पाण्याबाहेर आले. निकितानं गुळाचा चहा केला. गोजरबाईनं दोन कप घेतले, आणि सुनीलला पाठमोरा बसवून त्याचा खांदा अंगठ्यानं असा काही रगडला, की तो ‘अगं आई गं’ म्हणून ओरडला. “रोज तेल लाव,” ती म्हणाली. “एरंडेल. आन पोरीला वल्हं मारू दे जरा, तिचं हात चांगलं हायेत.” सुनीलनं मान डोलावली. जाताना त्यानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं तेव्हा तिनं काही आशीर्वाद पुटपुटला नाही. हनुवटीखाली हात धरून त्याला वर उचललं, एवढंच.

अकोल्याला जाणारी जीप रस्त्यावर थांबली होती. जयानं कोरडे कपडे घातले होते. पिशवीतून तिनं आईचं दुसरं लुगडं काढलं.

“आई, बदल की. लई लांब जायचंय.”

“ऱ्हाऊ दे.”

“मग पिळ तरी. निथळतंय नुसतं.”

“न्हाई पिळत,” गोजरबाई म्हणाली.

जयानं एकदा आईकडं पाहिलं आणि लुगडं घडी करून परत पिशवीत ठेवलं. ड्रायव्हरनं कुरकुरत सीटवर एक गोणपाट अंथरलं. गोजरबाई चढली. खिडकीशी बसली. दोन्ही हात तिनं भिजल्या लुगड्यावर मांडीवर ठेवले होते. जीप खड्ड्यातून हेलकावत निघाली, आणि वळणाआड जाईपर्यंत सुनीलला ती तशीच दिसत राहिली: ताठ, अंग न हलवता, भरली घागर मांडीवर घेऊन बसावं आणि वाटेत सांडू नये म्हणून जपावं, तशी.